वय वर्षे सात

मोझार्टच्या अगदी लहानपणच्या सोनाटा, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीच्या दोन-तीन भागांच्या रचना, मैफलीत सहसा कुणी वाजवत नाही. 'संपूर्ण मोझार्ट' छापाच्या जाडजूड संचांत त्या असतात, पण संच विकत घेणारेही ती तबकडी फारशी लावत नसावेत. त्यामुळे लंडनमध्ये आमच्याकडून एका बसने जाता येईल अशा छोट्याशा चर्चमध्ये जवळजवळ याच सोनाटांचा कार्यक्रम आहे असं कळलं, तेव्हा मी लगेच दोन तिकिटं काढली. दुसरं आत्यासाठी. ती पुण्याहून राहायला आली होती. जन्मभर गाण्याच्या शिकवण्या केलेली बाई, आणि "तुमच्या त्या संगीतातलं मला काही कळत नाही हं" असं आधीच जाहीर करून मग नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारी.

आम्ही आत गेलो तेव्हा हार्प्सिकॉर्ड वाजवणारी बाई अजून वाद्य लावतच होती. किल्लीने एक खुंटी जराशी फिरवायची, तीच पट्टी चार-पाचदा वाजवायची, मान हलवायची, पुढची खुंटी. या वाद्याच्या तारा हवेतल्या ओलाव्याने बघता बघता उतरतात-चढतात, आणि जुन्या दगडी चर्चमध्ये ओलाव्याला काय तोटा! आत्याला हे बघून हायसं वाटलं. "चला, म्हणजे कानाची आहे," ती म्हणाली आणि शाल सारखी करून बसली.

हार्प्सिकॉर्ड दिसायला पियानोच्या कुळातला, पण आतून वेगळा. पट्टी दाबली की आत एक लाकडी चिपटी वर उचलली जाते आणि तिला बसवलेली नखी तार छेडते. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाची असायची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. आणि छेडल्या क्षणापासून स्वर विरायला लागतो, आस अशी फारशी राहतच नाही. हे लक्षात घेतलं की त्या काळच्या पॅरिसमधली एक पद्धत उलगडते. मोझार्टच्या या पहिल्या सोनाटांवर छापलं होतं की त्या क्लावसँसाठी, म्हणजे हार्प्सिकॉर्डसाठी आहेत आणि 'व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील'. येतील, वाजवायलाच हव्यात असं नाही. घरंदाज मुली-बायका हार्प्सिकॉर्ड शिकायच्या, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणा सद्गृहस्थाला थोडंफार व्हायोलिन यायचं, त्यांनी संध्याकाळी मिळून वाजवावं म्हणून हा माल छापला जाई. मुख्य काम पट्ट्यांचं. व्हायोलिनने लांब स्वर धरून ठेवायचे, मधल्या जागा भरायच्या, फार तर एखादी लकेर परत म्हणून दाखवायची.

हे मी कुजबुजत सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे पेटीवाला मुख्य आणि गवई साथीला!" अगदी तसंच. व्हायोलिनवाला तरुण खरोखरच दोन पावलं मागे सरकून उभा राहिला होता.

सुरुवात के. ६ ने झाली. मोझार्टच्या रचनांना हे 'के.' क्रमांक क्योखेल नावाच्या गृहस्थांनी १८६२ साली सूची करून दिले. के. ६ ते ९ या चार सोनाटा म्हणजे त्याची छापून आलेली पहिली पुस्तकं, ओपस १ आणि ओपस २ (ओपस म्हणजे छापील संचाचा क्रमांक), पॅरिस, १७६४. मुखपृष्ठावर नाव, गाव साल्झबुर्ग आणि पुढे 'वय वर्षे सात'. प्रत्यक्षात छपाई पुरी होईपर्यंत २७ जानेवारी उलटून गेली होती आणि पोरगा आठ वर्षांचा झाला होता. पण वडील लिओपोल्ड मोझार्ट हे काही जाहिरातीतलं ओ की ठो न कळणारे गृहस्थ नव्हते. साल्झबुर्गच्या घरमालकिणीला १ फेब्रुवारीच्या पत्रात ते लिहितात की सोनाटा छपाईच्या ताम्रपटांवर खोदायला गेल्या आहेत, आणि मुखपृष्ठावर सात वर्षांचं मूल असं वाचून लोकांत केवढी खळबळ उडेल याची कल्पना करा. वाक्यातला आनंद बापाचा आहे आणि हिशेबही बापाचाच.

के. ६ मधला पहिला भाग ऐकायला गोड आहे, पण त्यात फार काही घडत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. डावा हात जवळजवळ अखंड सा-प-ग-प, सा-प-ग-प असं फिरतो. या चालीला अल्बर्टी बेस म्हणतात. एकाच वेळी दाबायचे तीन स्वर एकामागून एक सुटे वाजवले की आस नसलेल्या वाद्यावरही भरल्यासारखं वाटतं. त्या काळातला तो अगदी चलनी ठोकळा होता. वर उजवा हात नीटनेटक्या, विनयशील ओळी म्हणतो. पहिल्या पाच मिनिटांतच आत्या माझ्या कानाशी वाकली.

"यातलं बापाचं किती?"

प्रश्न रास्त आहे आणि तो सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय. उत्तराचा काही भाग एका वहीत आहे. लिओपोल्डने १७५९ मध्ये मुलीसाठी, नानर्लसाठी, हार्प्सिकॉर्डच्या धड्यांची वही केली होती. नानर्ल तेव्हा आठ वर्षांची. वहीवर नाव तिचं, धडे तिचे, आणि धाकटा भाऊ त्याच वहीतून शिकला. कोणता तुकडा त्याने कधी उचलला याच्या नोंदी लिओपोल्डने तिथेच करून ठेवल्यात. एक मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाची छोटी रचना, आणि ट्रायो, म्हणजे तिचा मधला तुकडा, 'वोल्फगांगेर्लने (वोल्फगांग हे मोझार्टचं नाव, त्याचं हे लाडकं रूप) २६ जानेवारी १७६१ रोजी, पाच वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी, रात्री साडेनऊला, अर्ध्या तासात' शिकला. मध्यंतरात हे सांगितल्यावर आत्या चमकली. "रात्री साडेनऊला? निजवायचं सोडून?" लोक या नोंदीतल्या 'अर्ध्या तासात'वर थक्क होतात. मला घड्याळाकडे बघत बसलेला तो बाप दिसतो.

तर के. ६ चे तुकडे याच वहीत सापडतात. पहिला भाग ब्रसेल्सला ऑक्टोबर १७६३ मध्ये झालेला, एक मिन्युएट त्याच्याही वर्षभर आधीचा, जुलै १७६२ चा, मुलगा सहा वर्षांचा असतानाचा. म्हणजे सोनाटा म्हणून बसून लिहिलेली ही गोष्टच नाही. प्रवासात, वेगवेगळ्या वयात सुचलेले सुटे तुकडे पॅरिसच्या बाजारात चालतील अशा बेताने एकत्र बांधले गेले, व्हायोलिनची ओळ नंतर वर चढवली गेली. वहीतलं बरंचसं अक्षर लिओपोल्डचं आहे. या चार सोनाटांपैकी एका मिन्युएटचं मूळ तर लिओपोल्डच्याच एका सेरेनाडमध्ये, म्हणजे करमणुकीसाठीच्या वाद्यरचनेत, आहे. मुलगा वाजवतोय, बाप उतरवून घेतोय, मध्येच एखादा स्वर बदलतोय, "हे असं केलंस तर?" म्हणतोय. कुणाचं कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं हे त्या खोलीत असणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. शिकवण्या केलेल्या आत्याला हे लगेच पटलं. तिच्या मते चांगल्या शिष्याच्या पहिल्या पाच वर्षांच्या गाण्यावर त्याचं एकट्याचं नाव घालणं हीच मुळात गंमत आहे.

आणि तरीही मुलगा कुठे कुठे डोकावतो. लिओपोल्डच्या लंडनहून लिहिलेल्या, डिसेंबर १७६४ च्या एका पत्रात एक तक्रार आहे. ओपस २ च्या शेवटच्या ट्रायोमध्ये व्हायोलिनच्या ओळीत लागोपाठ तीन पंचम आले आहेत. चूक चिरंजीवांची. आपण ती दुरुस्त केली होती, पण ताम्रपट खोदणाऱ्या म्हाताऱ्या मादाम वांदोमने ती तशीच ठेवली. आता हे पंचम म्हणजे काय भानगड? आपल्याला षड्ज-पंचमासारखी सुखाची जोडी नाही, तंबोरा तिच्यावरच उभा. युरोपातल्या रचनाशास्त्रातही पंचम गोडच, पण दोन ओळी पंचमाचं अंतर राखून जोडीने वर किंवा खाली सरकल्या की त्या दोन राहत नाहीत, एकच जाड ओळ ऐकू येते. आणि तिथे सगळा भर दोन ओळी दोन म्हणून ऐकू येण्यावर. म्हणून लागोपाठचे पंचम वर्ज्य, हा नियम तिथला विद्यार्थी अगदी सुरुवातीलाच शिकतो.

लिओपोल्ड आधी वैतागतो आणि मग त्याच दमात पलटी खातो: असू दे, वोल्फगांगने हे स्वतःच रचलं याचा हा पुरावाच आहे, कारण सगळेच काही विश्वास ठेवणार नाहीत. काय माणूस होता! छापखान्यात राहून गेलेली चूक त्याने प्रमाणपत्र म्हणून वापरली. त्या संध्याकाळी के. ९ वाजली तेव्हा मी कान टवकारून बसले होते, पण ते पंचम कुठून गेले ते मला काही कळलं नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मला सगळेच पंचम बरे वाटले."

खरं सांगायचं तर चारांतल्या तीन सोनाटा ऐकताना माझं लक्ष अधूनमधून सुटत होतं. मिन्युएटं एकमेकांसारखी वाटू लागतात. चार आवर्तनं प्रश्न, चार आवर्तनं उत्तर, नमस्कार, पुन्हा पहिल्यापासून. पण के. ७ मधला मधला भाग, जी मेजरमधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, सुरू झाला आणि चर्चमधली खोकल्या-ठसक्यांची वर्दळ थांबली. तोवर हार्प्सिकॉर्ड गडबडीत होता, स्वर विरायच्या आत पुढचा स्वर. इथे पहिल्यांदाच कुणीतरी त्या वाद्याला सावकाश बोलायला सांगितलं होतं. सावकाश बोलायचं म्हणजे स्वर विरताना ऐकू येणार, आणि तो विरतो तिथेच व्हायोलिन काहीतरी बारीकसं म्हणतं. 'वाजवलं तरी चालेल' म्हणून छापलेलं ते व्हायोलिन इथे काढून टाकून बघा, भागच पडतो. मागे उभा असलेला तरुण आता दोन पावलं पुढे आला होता. मुद्दाम की नकळत, देव जाणे.

हा भाग बापाचा असू शकत नाही असं मला वाटतं. याला पुरावा माझ्याकडे नाही, कानाचा कौल आहे. लिओपोल्ड जाणकार होता. व्हायोलिन शिकवण्यावरचं त्याचं पुस्तक मुलाच्या जन्माच्याच वर्षी, १७५६ मध्ये निघालं आणि युरोपभर वापरलं गेलं. पण त्याचं स्वतःचं संगीत मी ऐकलंय त्यावरून तो इतका वेळ गप्प बसू शकला असता असं वाटत नाही. अडाजिओमध्ये मधल्या रिकाम्या जागा कुणीतरी तशाच राहू दिल्या आहेत. अनुभवी माणसाने त्या भरल्या असत्या.

मध्यंतरानंतर त्यांनी योहान शोबर्टची एक सोनाटा घेतली. शूबर्ट नव्हे, हा त्याच्या कितीतरी आधीचा, पॅरिसमध्ये एका राजपुत्राच्या पदरी असलेला जर्मन वादक. १७६७ मध्ये विषारी अळंबी खाऊन तो कुटुंबासकट गेला. शोबर्ट वाजू लागला तेव्हा निम्म्या सभागृहाने मान डोलावली, कारण तासाभरापूर्वी ऐकलेली सगळी वळणं इथे होती. तोच डावा हात, तीच मागून येणारी व्हायोलिनची लकेर, फक्त हात मोठ्या माणसाचा. शोबर्ट आणि एकार्ट वगैरे पॅरिसकर मंडळींनी आपल्या छापील सोनाटा मोझार्टच्या मुलांना भेट दिल्या होत्या. लिओपोल्डने शोबर्टच्या नावाने पत्रात बोटं मोडली आहेत, तोंडावर गोड आणि आतून खोटा म्हणून. वर हेही की आपली मुलगी शोबर्ट-एकार्टच्या सर्वांत अवघड रचना इतक्या सफाईने वाजवते की शोबर्टला मत्सर लपवता येत नाही. मुलगी म्हणजे नानर्ल, बारा वर्षांची. जाहिरातींत कधीकधी तिचं नाव आधी असे. पुढे ती वयात आल्यावर दौरे बंद झाले. १७६९ पासून बाप इटलीच्या वाऱ्या करू लागला त्या फक्त मुलाला घेऊन. तिने रचलेल्या एका गाण्याचं कौतुक भावाने इटलीतून पत्राने केलं होतं. ते गाणं उरलेलं नाही.

शोबर्ट ऐकताना आत्याला कुमार आठवले, आणि मी वाटच बघत होते. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली, सात-आठ वर्षांचा, थोरामोठ्यांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचा आणि त्यावर सभा गाजवायचा. 'कुमार गंधर्व' हे नाव त्याला त्या नकलांच्या काळातच मिळालं. मग मुंबईला प्रो. देवधरांकडे शिकणं आलं, पुढे आजारपण आलं, देवासला जाणं आलं, आणि ज्या गाण्यासाठी आपण त्यांना ओळखतो ते त्याच्या नंतरचं. "नक्कल वाईट नसते गं," आत्या म्हणाली. "पोराला नक्कल येते म्हणजे त्याला ऐकू येतं. पंचाईत एवढीच, की लोक त्यालाच गाणं म्हणतात आणि पोराला तिथेच थांबवतात." मोझार्टने तर शोबर्टची नक्कल करून भागत नाही म्हणून अकराव्या वर्षी त्याच्या एका सोनाटातला संथ भाग सरळ उचलून कन्चेर्टोत, म्हणजे एका वाद्याला वाद्यवृंदाची साथ असलेल्या रचनेत, बसवला, के. ३९ मध्ये. बापाच्या देखरेखीखाली केलेला तो अभ्यास होता. बराच काळ लोक ती मोझार्टची स्वतंत्र रचना समजत होते.

शेवटी लंडनच्या सोनाटा. मोझार्ट कुटुंब एप्रिल १७६४ मध्ये इथे आलं आणि सव्वा वर्ष राहिलं. सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर त्यांची खोली एका काचोळ्या शिवणाऱ्याच्या घरात होती. आज तिथून जाताना उघडी रेस्टॉरंटं आणि जॅझ क्लबासमोरची रांग ओलांडावी लागते. इथे योहान ख्रिस्तियान बाख या संगीतकाराने मुलाला मांडीशी धरून आळीपाळीने वाजवायचा खेळ केला, असं नानर्लने नंतर सांगितलं. ओपस ३ च्या सहा सोनाटा, के. १० ते १५, राणी शार्लटला अर्पण केल्या. तिने ५० गिनी दिल्या. यांत व्हायोलिनऐवजी बासरी चालते, चेलोचीही जागा आहे. के. १४ मध्ये शेवटी एक मिन्युएट आहे, 'कॅरिऑन' म्हणजे घंटांच्या सुरातला. तो वाजला तेव्हा सगळे हसले, आणि हसावं अशीच त्याची रचना आहे. आठ वर्षांच्या मुलाचा हात मला या घंटांइतका दुसरीकडे कुठेच जाणवला नाही.

मात्र लंडन हे शहर नव्या नवलाईला लवकर विटतं. पहिल्या कार्यक्रमाचं तिकीट अर्ध्या गिनीचं, म्हणजे साडेदहा शिलिंगांचं. वर्षभरात घरी येऊन मुलाची परीक्षा घ्या अशी जाहिरात आली, दर पाच शिलिंग. जुलै १७६५ मध्ये कॉर्नहिलच्या एका खानावळीत रोज दुपारी बारा ते तीन, अडीच शिलिंग, पट्ट्यांवर रुमाल टाकून वाजवून दाखवायचं. वय जाहिरातीत वर्षभर कमीच. डेन्स बॅरिंग्टन नावाच्या वकिलाला शंका आली. त्याने मुलाची स्वतः परीक्षा घेतली, कधी न पाहिलेली रचना समोर ठेवली, रागाचं गाणं आणि प्रेमाचं गाणं जागच्या जागी रचायला लावलं, आणि एवढ्यावर न थांबता साल्झबुर्गहून जन्माची नोंद मागवली. त्याचा अहवाल १७७० मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे वाचला गेला. त्यात तो म्हणतो, पोराची बोटं जेमतेम पंचमापर्यंत पोचत होती. आणि वाजवता वाजवता मांजर आत आलं तर हा उठून तिच्यामागे गेला, बराच वेळ परतच येईना. मग काठीचा घोडा करून खोलीभर फिरला. वकिलाला वयाबद्दलची खात्री जन्मनोंदीने झाली असेल. मला मांजर पुरेसं वाटतं.

कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट त्यांनी शेवटी वाजवली: के. ३०४, ई मायनर. १७७८ ची, बावीस वर्षांच्या मोझार्टची. सुरुवातीलाच दोन्ही वाद्यं एकच ओळ बरोबरीने म्हणतात, सा-प-ग-प नाही की काही नाही, आणि व्हायोलिन आता कुणाच्या मागे उभं नाही. आत्या पाठ ताठ करून बसली. "हां," एवढंच म्हणाली.

बाहेर बस यायला अवकाश होता. मी तिला सांगितलं की ही सोनाटा आणि तिच्या जोडीच्या पाच पॅरिसला छापल्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर क्रमांक पडला ओपस १. म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"मग आधीचे?"

"आधीचे चार ओपस होते की. हेगला छापलेला एक धरून."

"ते बापाच्या खात्यावर गेले," आत्या म्हणाली, आणि मग जरा थांबून, "तो अडाजिओ तेवढा ठेव म्हणावं त्याच्याकडे."

ऐकायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा, के. ७, मधला भाग, हार्प्सिकॉर्ड आणि व्हायोलिनवर. आधुनिक पियानोवर वाजवलेलं ऐकू नका, पियानोला आस असते आणि मग व्हायोलिनला काही कामच उरत नाही. मिन्युएटं सोडून दिलीत तरी चालेल, घंटांचं तेवढं ऐका.